गृहशिक्षण : थोरलीचा पाठ आणि धाकट्यांचा सांभाळ

धामणगाव रेल्वे येथील एका वाचकभगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांची थोरली कन्या अकरा वर्षांची असून दीर्घ आजारामुळें यंदा तिला शाळेंत जातां आलें नाहीं. जूनअखेर विदर्भांतील शाळा उघडतील तेव्हां तिनें आपल्या सोबतिणींबरोबर वर्गांत बसावें, म्हणून त्या तिला घरींच शिकवीत आहेत. परंतु तिच्या पाठचीं तीन भावंडें आहेत, आणि सर्वांत धाकटें अजून रांगतें आहे. वही उघडली कीं एकास भूक लागते, दुसरें पडतें, आणि अखेरीस थोरलीच पुस्तक मिटून बाळास कडेवर घेते, असें त्या लिहितात.

पत्रांतील सर्वांत महत्त्वाचा मजकूर हा शेवटचाच होय. मुलगी शाळेंत असते तेव्हां शाळेची घंटा तिच्या वेळेचें रक्षण करते. घरीं तें करणारें कोणी नसतें. ‘ती घरींच आहे ना’ ह्या चार शब्दांनीं तिचा सारा दिवस वांटला जातो, आणि त्यांत कोणाचाही दुष्ट हेतु नसतो. थोरला मुलगा असता तर बाळ इतक्या सहज त्याच्या कडेवर गेलें असतें काय, हा प्रश्न प्रत्येक घरानें स्वतःस विचारून पाहावा.

हा प्रश्न नवा नाहीं. ताराबाई मोडक ह्या १९१५ पासून कांहीं वर्षें अमरावतीस राहिल्या होत्या. वऱ्हाडास त्यांचें नांव परकें नाहीं. पुढें १९४५ सालीं त्यांनीं बोर्डी येथें खेड्यांतील बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ मध्यें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील आदिवासी मुलांच्या शिक्षणाच्या आड जीं कारणें येत, त्यांत धाकट्या भावंडांस सांभाळणें हें एक मोठें कारण होतें. ताराबाईंनीं मुलांस वा त्यांच्या आईबापांस दोष न देतां व्यवस्थाच बदलली. ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा हीं तिन्ही त्यांनीं एकत्र आणलीं. तान्हें पाळणाघरांत, मधलें बालवाडींत, आणि थोरल्याचे हात पाटीपुस्तकासाठीं मोकळे !

एकत्र कुटुंबांत हीच योजना एका छपराखालीं सहज साधते. प्रथम पाळणाघर. सकाळचा एक तास व दुपारचा एक तास बाळ कोणाकडे राहील, हें माणसाचें नांव घेऊन ठरवावें. सकाळीं आजी, दुपारीं काकू, सुटीच्या दिवशीं काका. ‘कोणीतरी पाहील’ असें म्हटलें कीं तें कोणीतरी म्हणजे थोरलीच होते.

दुसरी बालवाडी. मधल्या मुलांस ‘गप्प बसा’ म्हणणें व्यर्थ आहे. त्यांस काम द्यावें. ताराबाईंनीं खेड्यांत भारी साधनांची वाट पाहिली नाहीं. पानें, खडे, शिंपले ह्यांवरच भागविलें. आपल्याकडे तुरीच्या शेंगा सोलणें, कापसांतून सरकी वेचणें, डाळी वेगळ्या करणें, चिंचोके मोजून दहा-दहांचे ढीग घालणें, हीं कामें मुलें आवडीनें करतात. मात्र तीन वर्षांखालील मुलाच्या हातीं दाणे वा चिंचोके देऊं नयेत. ते नाकांत किंवा घशांत अडकतात.

तिसरी शाळा. पाठाचे दोन भाग करावे. नवें गणित व व्याकरण ह्यांस आईचें पूर्ण लक्ष लागतें. तें बाळ निजलें असतां किंवा पहाटे घ्यावें. वाचन, शुद्धलेखन व सरावाचीं उदाहरणें मुलगी एकटीही करूं शकते. पंडिता रमाबाईंस त्यांच्या मातोश्री लक्ष्मीबाई डोंगरे ह्यांनीं घरकाम सुरू होण्यापूर्वी, पहाटेच संस्कृत शिकविलें. आणि त्याच कन्येस १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं ‘सरस्वती’ ही पदवी दिली. विनाव्यत्यय एक तास हा व्यत्ययाच्या चार तासांहून मोलाचा असतो. आजारांतून उठलेल्या मुलीची झोंप मात्र मोडूं नये. तिच्यासाठीं दुपारचीच वेळ बरी.

हिशेब आजोबांकडे सोंपवावा. बडनेऱ्याहून निघालेली गाडी धामणगावास व पुढें पुलगावास किती वेळानें पोहोंचते, कापसाच्या इतक्या क्विंटलांचे चालू भावानें किती रुपये होतात, हीं उदाहरणें पुस्तकांतल्याहून जिवंत आहेत. शाळेंतून तिचें नांव कमी होऊं देऊं नये, आणि महिन्यांतून एकदां वर्गशिक्षकांस भेटून अभ्यास कोठवर आला तें विचारावें. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क दिला आहे. वर्गांतील ती जागा तिची आहे.

थोरलीनें धाकट्यांस कांहींच शिकवूं नये काय? अवश्य शिकवावें. अँड्र्यू बेल ह्या पाद्र्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेंत मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्याची पद्धति वापरली व पुढें ती इंग्लंडांत नेली. जें दुसऱ्यास समजावून सांगतां येतें तेंच आपणांस खरें आलेलें असतें. परंतु त्यासाठीं रोज अर्धा तास पुरे. ह्यापुढें तें शिक्षण राहत नाहीं, चाकरी होते.

भावंडांवर माया करणें हा संस्कार आहे, असें घरांतील वडील मंडळी म्हणतील, आणि तें खरेंच आहे. म्हणून वाद न घालतां आठ दिवस एक टिपण ठेवावें. एका रकान्यांत मुलगी किती वेळ वाचीत होती तें, व दुसऱ्यांत बाळ तिच्या कडेवर किती वेळ होतें तें लिहावें. आठव्या दिवशीं तें टिपण सर्वांसमक्ष वाचून दाखवावें. दुसरा रकाना मोठा निघाला, तर जूनमध्यें तिची परीक्षा कठीण जाणार हें उघड आहे. आणि त्या अपयशाचा दोष तिच्या बुद्धीकडे नसून घराच्या वांटणीकडे असेल. ती वांटणी आजच बदलावी. जूनला अजून अवकाश आहे.