ससेहोलपट

एखाद्याचे हाल झाले, या दारातून त्या दारात हेलपाटे घालावे लागले, की मराठी माणूस म्हणतो, 'बिचाऱ्याची ससेहोलपट झाली.' शब्द रोजचा आहे, पण त्यामागचे चित्र शिकारीचे आहे. कुत्री मागे लागलेला ससा वाट फुटेल तिकडे धावतो, मध्येच उलटा फिरतो, बाजूला उडी घेतो. कुत्र्यांशिवाय, पायी चालत केली जाणारी सशाची पारध मात्र अगदी निराळी होती. तिच्यात ससा सहसा धावतच नसे. तो बसून राही, आणि बसलेला ससा दिसणे हीच खरी कसोटी असे.

शहरातल्या मुलांचा ससा पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, पिंजऱ्यात राहणारा. युरोपातल्या बिळात राहणाऱ्या एका रानटी जातीपासून माणसाने तो पाळून तयार केला. त्याची पिल्ले जन्मतात ती आंधळी आणि उघड्या अंगाची. आपल्या माळरानावरचा ससा वेगळा. इंग्रजीत या दोघांना दोन नावे आहेत, मराठीत एकच. त्यामुळे घोटाळा होतो. रानातला आपला ससा बीळ खणत नाही. गवताच्या ठोंबाखाली किंवा बांधाच्या आडोशाला अंगापुरता उथळ खळगा करून तो दिवसभर बसतो आणि अंधार पडला की चरायला निघतो. त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. त्यांना लपायला घर नसते ना!

घर नाही, नखे-सुळे नाहीत. मग जीव वाचवायचा कसा? हलायचे नाही, हाच सशाचा पहिला उपाय. कान पाठीवर चिकटवून तो बसला की मातकट रंगामुळे ढेकूळ कोणते आणि ससा कोणता, हे चार पावलांवरूनही कळत नाही. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. पळ काढायचा तो अगदी शेवटच्या क्षणी.

पायी शिकार करणाऱ्याला हे सारे ठाऊक असे. ससा नजरेस पडला तरी तो सरळ त्याच्याकडे जात नसे. पाहिलेच नाही असे दाखवत दुरून वळसा घाली आणि तो वळसा हळूहळू लहान करत आणी. चाल एकसारखी ठेवावी लागे. पावले वाजत राहिली तर ससा दबून बसतो. पावले थांबली की बिथरतो. मागही वाचता यावा लागे. धावताना सशाचे लांब मागचे पाय पुढच्या पायांच्या पुढे टेकतात. नवख्याला हे ठाऊक नसले तर तो माग उलटाच धरतो आणि ससा जिथून आला तिथे जाऊन पोहोचतो. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै भागात 'वळरी' आणि गुजरातेत कोळी लोकांत 'कटारिया' या वाकड्या काठ्या भिरकावून सशाची शिकार होई. महाराष्ट्रातल्या फासेपारध्यांचे साधन त्यांच्या नावातच आहे. ससा रोज ठरावीक पायवाटांनी ये-जा करतो, हे ओळखून ते त्या वाटांवर फासे मांडत.

या विद्येला एक मर्यादाही होती. फाशात सापडलेली गाभण हरिणी आणि लहान पाडस सोडून देण्याची फासेपारध्यांची रीत माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी नोंदवली आहे. उद्याचे पोट ज्या रानावर अवलंबून आहे, ते रान आजच रिकामे करून चालणार नाही, एवढा हिशेब त्यामागे होता.

पुढे बंदूक आली, मग बॅटरी आणि जीप. रात्री डोळ्यांवर झोत पडला की ससा जागीच खिळतो. तिथे माग काढावा लागत नाही, वाट पाहावी लागत नाही, आणि मादी गाभण आहे की नाही हे बघायला कोणी थांबतही नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा ससा 'लहान शिकारी'त मोडत होता. परवाना काढून तो मारता येई. १९९१ च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली. आता फासे लावणे किंवा नुसता प्रयत्न करणे हीदेखील कायद्याने शिकारच ठरते. सशाच्या दृष्टीने हे योग्यच झाले.

पण पारध्यांचे काय? इंग्रजांनी १८७१ साली केलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची झळ पुढे त्यांनाही लागली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही. गावात चोरी झाली की पहिला संशय त्यांच्या पालावर. शिकारीवर बंदी आली तेव्हा हाती ना जमीन होती, ना दुसरा धंदा. ससा सुटला आणि ससेहोलपट पारध्याच्या वाट्याला आली.

यातून वाट निघू शकते, हे वाशिम जिल्ह्यात दिसले आहे. तेथे 'संवेदना' या संस्थेने फासेपारध्यांना बरोबर घेऊन तणमोर या दुर्मीळ पक्ष्याच्या आणि गवताळ रानांच्या रक्षणाचे काम केले. जो डोळा फासा कुठे लावायचा हे सांगत होता, तोच पक्षी कुठे घरटे करील हेही सांगतो. अशी माणसे रानाच्या राखणीला मिळाली, तर पुस्तके वाचून येणार नाही एवढे ज्ञान वाया जाण्यापासून वाचेल. मात्र त्यासाठी रानही राहायला हवे. सरकारी नोंदींत गवताळ माळाला बहुधा 'पडीक' म्हणतात आणि पडीक म्हटले की तेथे काहीही उभारायला मोकळीक मिळते. सशाला आज फाशाइतकेच भय या एका शब्दाचे आहे.

शेतावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गवत कापताना सशाची पिल्ले एकटी आढळली तर ती आईने टाकलेली आहेत असे समजून घरी आणू नयेत. आई मुद्दामच दूर राहते, म्हणजे तिच्या मागावरचे कोल्हे-लांडगे पिल्लांपर्यंत पोहोचत नाहीत. बहुधा दिवस मावळल्यावर ती येते, थोडा वेळ पाजते आणि निघून जाते. पिल्ले होती तिथेच राहू द्यावीत आणि तेवढा गवताचा तुकडा त्या दिवसापुरता न कापता सोडावा.