मिशाळपंतांचा मुक्काम

आमच्या बागेतल्या खड्ड्याला तळं म्हणायची हौस माझी एकट्याची. दहा फूट लांब, सात फूट रुंद, जेमतेम अडीच फूट खोल. त्यात कमळाच्या दोन कुंड्या बुडवलेल्या आणि डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याच्या माणसांकडून आणलेले मूठभर गप्पी मासे. पेणच्या बाजूला खरं तळं कशाला म्हणतात हे लहान पोरालाही कळतं. खाडीतून जिताड्याची पिल्लं आणायची, गोड्या पाण्यात वाढवायची आणि जावई आला की त्यातला एक बाहेर काढायचा. शेजारचे आबा असल्या तळ्याचे मालक. माझ्या तळ्याला ते पहिल्या दिवसापासून 'मोरी' म्हणतात.

या मोरीत मांगूर आणला तो मीच. दोन वर्षांपूर्वी आठवडे बाजारात एका टोपलीत बोटभर पाण्यात काळे, मिशाळ मासे वळवळत होते. नात म्हणाली, "आजोबा, हा जिवंत आहे!" सगळेच जिवंत होते. मांगूर तसाच विकतात, कारण पाण्याबाहेरही तो तासन्‌तास तग धरतो. पण तिनं नेमका वीतभर लांबीचा एक निवडला होता, आणि आजोबा लोकांना अशा वेळी बुद्धी कमी असते. त्याचं नाव मिशाळपंत ठेवून आम्ही त्याला तळ्यात सोडलं.

पहिल्या पावसाळ्यात गप्पी गेले. मग बेडकांची पिल्लं. मग पाण्याचा रंग गेला. पंत रात्रभर तळ उकरत आणि सकाळी तळ्यात दूध घातलेला चहा तयार असे. डास परत आले. पंत स्वतः मात्र दिसत नसत. मधूनच पाण्यावर 'बुळुक' असा आवाज व्हायचा, एक रुंद तोंड वर येऊन हवेचा घोट घ्यायचं आणि खाली जायचं. मांगुराच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो, त्यानं तो थेट हवेतला प्राणवायू घेतो. त्यामुळे पाणी कितीही कुजकं झालं तरी त्याचं अडत नाही.

पकडायचं ठरवलं तेव्हा मी आधी हातजाळी घेऊन उतरलो. म्हणजे उतरणार होतो, आबांनी दंड धरला. "काका, अनवानी नाय." मांगुराच्या दोन्ही बाजूंच्या पुढच्या परांत एकेक टणक काटा असतो. भ्याला की तो काटा आडवा उभारतो आणि खुट्टीसारखा तिथेच अडकवून ठेवतो. मग तो दाबून मिटत नाही. जाळ्यात हाच काटा गुंततो, मासा पिळे मारतो, आणि शेवटी जाळं तरी कापावं लागतं किंवा मासा तरी फाटतो. त्याची चुलतबहीण शिंगी याहून वाईट, तिचा काटा विषारी. आबांना तो तरुणपणी लागला होता. चुलीवरचं पाणी सोसवेल इतकं गरम ठेवून त्यात हात बुडवला, मग ठणका उतरला, असं ते सांगतात. ते खरंही आहे, ते विष उष्णतेनं निकामी होतं. नंतर डॉक्टर आणि धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवायचं नाही.

मी गमबूट घालून जाळी फिरवली. हाती आलं ते पाचोळा, गोगलगायी आणि माझा हरवलेला चष्मा. गळ टाकायला नातीनं फोनवरून बंदी केली. मग पंप लावला. दोन तासांत पाणी वीतभर उरलं, आणि पंत कुंडीखालच्या चिखलात असे घुसले की नाहीसेच झाले. चिखलात शिरलेला मांगूर बसून राहायला तयार असतो. घाई आपल्याला असते. एक गोष्ट मात्र या खटाटोपात शिकलो. पंपाची पिन काढल्याशिवाय तळ्यात पाय घालायचा नाही. मी घातला होता. बायकोचं त्यावरचं बोलणं इथे छापण्यासारखं नाही.

ब्लीचिंग पावडरचा सल्लाही एकानं दिला. ती टाकली असती तर उरलेसुरले बेडूक आणि गोगलगायी आधी गेल्या असत्या. पंतांचं काय झालं असतं कोण जाणे.

आबा हे सगळं कुंपणाला रेलून बघत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "तुमी त्याला शोधताव कशाला? त्याला जागा द्या. तो येल."

न्हाणीघराच्या कामातून उरलेला चार इंची पाइप पडून होता, तीनेक फुटांचा. एका तोंडाला झाकण ठोकलं आणि त्याला सुईनं नव्हे, चांगल्या खिळ्यानं भोकं पाडली, म्हणजे उचलताना पाणी निथळेल आणि वजन हाताला झेपेल. कापलेल्या कडा कानशीनं घासल्या. मांगुराला खवले नसतात, उघडी कातडी लगेच सोलवटते. दोन्ही टोकांना दोरी बांधून पाइप भिंतीलगत, सावलीत, आडवा ठेवला. आत चिंधीत बांधलेली थोडी सुकट. गढूळ पाण्यात मांगुराचे डोळे कुचकामी, पण त्याला त्याची पर्वा नसते. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या आणि सगळ्या अंगावर चव कळणारे ठिपके. हा मासा म्हणजे पोहणारी जीभच.

पाणी पुन्हा भरलं आणि तीन दिवस तळ्याकडे फिरकलो नाही. हे सर्वांत अवघड. मांगूर रात्री हिंडतो आणि दिवसा कुठल्यातरी अंधाऱ्या बोळात पाठ भिंतीला लावून पडतो. त्याला तो बोळ आपला वाटायला हवा.

चौथ्या सकाळी उजाडता उजाडता आबा आले. बोलायचं नाही, सावली पाण्यावर पाडायची नाही. एका दमात उघड्या तोंडावर प्लास्टिकची गाळणी दाबली, आणि ते तोंड वर राहील असा पाइप तिरपा करून सावकाश उचलला. भोकांतून पाणी गळालं. आत काहीतरी जड एकदाच हललं. पाइप तसाच झाकणाच्या बादलीत ओतला. बादलीत पाणी चार बोटं, वर घट्ट झाकण, झाकणावर पाटा. पाटा हवाच, मांगूर उडी मारतो आणि ओल्या जमिनीवर काट्यांच्या टेकूनं सरपटत निघतो. कोणाच्याही बोटाला ओरखडा नाही, माशालाही नाही.

दीड फूट भरला. अंगावर ढगांसारखे करडे डाग, डोकं रुंद, चपटं. आबांनी डोक्याच्या मागच्या हाडावर काडी टेकवली. आपल्या देशी मांगुराचं ते हाड निमुळतं, याचं पसरट. हा आफ्रिकेतला. भारतात 2000 सालापासून त्याच्या पालनाला बंदी आहे, आणि 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं असलेले साठे नष्ट करायला सांगितलं. मग उजनीच्या काठच्या तळ्यांमधून तो उपसून पुरल्याच्या बातम्या मीच वाचल्या होत्या, चहा पिताना, पंत मागे 'बुळुक' करत असताना.

भोगावती नदी आमच्यापासून दहा मिनिटांवर आहे. बादली गाडीत ठेवायची एवढंच काम. माझ्या तळ्याचं त्यानं जे केलं ते नदीचं करायला त्याला वेळ लागला असता, इतकाच फरक. विकायचा प्रश्न नव्हता. आबांकडे बघितलं तर ते म्हणाले, "मी जिताडा खानारा मानूस. ह्यो नको." मग ते बादली घेऊन नारळाच्या पलीकडे गेले. एकच आवाज आला. परत येऊन त्यांनी कुदळ मागितली.

गप्पी पुन्हा आणलेत. पाणी निवळायला आठवडा लागला. आता कुंड्यांचे काठ दिसतात. पाइप धुऊन भिंतीला लावून ठेवलाय.

रात्री नातीचा फोन आला. कसा पकडला ते सगळं तिनं दोनदा ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे त्याला ते घर आवडलं होतं ना, आजोबा?"

हो म्हणालो.