उलटा भार



गेल्या हिवाळ्यात बोईसरच्या एका वस्तीतल्या बाईबरोबर मी धुराची तक्रार घेऊन पालघरला एका कार्यालयात गेले होते. पहाटे चारला नळाला पाणी येतं तेव्हा डोळे चुरचुरतात, धाकटा खोकून खोकून बेजार होतो, एवढंच तिचं म्हणणं. साहेबांनी विचारलं, ‘हा धूर कारखान्याचाच, तुमच्या चुलीचा नाही, याला पुरावा काय?’ ती म्हणाली, ‘साहेब, चूल मी सहाला पेटवते.’ साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, ‘फार उलट बोलते ही बाई.’

तेव्हापासून हा ‘उलट’ शब्द माझ्या डोक्यात घोळतो आहे. पुरुषाने दिलं तर ते उत्तर, बाईने दिलं की उलट उत्तर. दायांच्या बोलण्यात उलटणं म्हणजे जिवावरचा प्रसंग: वार सुटण्याआधी नाळ ओढली तर पिशवीच उलटून बाहेर येऊ शकते. शाळेच्या गणितात व्यस्त प्रमाण असतं, एक वाढलं की दुसरं घटतं. आणि भूगोलात असते तापमानाची विपरीतता. तिचा त्या बाईच्या पहाटेशी थेट संबंध आहे. एरवी जमिनीलगतची हवा गरम आणि वर जावं तशी थंड, म्हणून धूर वर निघून जातो. हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि उबदार थर वर राहतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा तो धूर दाबून धरतो. ऊन चढेपर्यंत झाकण निघत नाही. बायका पाण्याला उठतात, पहिल्या पाळीला निघतात, तीच वेळ सगळ्यात वाईट. दुपारी पाहणीला येणाऱ्याला आभाळ स्वच्छ दिसतं.

मग पुरावा कोणी द्यायचा? आपल्या चळवळीला हा प्रश्न नवा नाही. 1972 सालच्या देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या मथुरा प्रकरणात उच्च न्यायालयाने पोलिसांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये त्यांना सोडलं: अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही. 1979 मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, 1980 मध्ये बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायद्याने भार उलटा केला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने ते खरं धरून चालायचं. उलट दाखवायचं ते आरोपीने. आज ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 120 मध्ये आहे. बलात्काराच्या प्रत्येक खटल्याला ती लागू नाही, हेही विसरू नका.

प्रदूषणाच्या बाबतीतही असंच वळण आलं. 1996 मध्ये तामिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, आपल्या कामाने पर्यावरणाला धोका नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी उद्योगाची. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध किनाऱ्यावरचा मांगेला समाज हरित लवादाकडे गेला आणि 2022 मध्ये लवादाने तिथल्या कारखान्यांना दंड ठोठावला. पण कार्यालयाच्या टेबलाशी हे काही पोचलेलं नाही. तिथे व्यस्त प्रमाणच चालतं: साधनं जितकी कमी, पुराव्याची मागणी तितकी जास्त. हवा मोजायचं यंत्र काही त्या बाईच्या मोरीत नाही.

वस्तीतल्याच काहीजणींनी मला बजावलं, ‘ताई, जास्त ताणू नका, आमच्या घरच्यांची कंत्राटी कामं जातील.’ त्यांचं भय खोटं नाही. ज्या धुराने मूल खोकतं, त्याच धुराच्या घरून पगार येतो. तक्रारीवर सह्या करायला अकरा जणी आल्या, चौघी माघारी गेल्या. मी त्यांना दोष देत नाही.

आता वस्तीत एक वही फिरते. वेळ, वास कसा होता, कोण आजारी पडलं. मी म्हटलं, खरं तर ही वही ठेवायचं काम आपलं नाही, कारखान्याचं आहे, न्यायालयानेच तसं सांगितलंय. ती म्हणाली, ‘असेल, ताई. तुम्ही आजची तारीख घाला.’