बातमीत तिला विचारलं का?

दिवाळी सरली की बीड, जालना, अहिल्यानगरच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या आजूबाजूला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या गावाबाहेर त्या दिसतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', असा तिथला हिशेब. हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे दुखलंखुपलं म्हणून खाडा केला तरी पैसे कापले जाण्याची धास्ती.

2019 मध्ये याच बायका अचानक बातमीत आल्या. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचं वर्तमानपत्रांनी उघड केलं. गाजावाजा झाला, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत सुमारे 82 हजार महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झाल्याचं दिसलं. बातमी आली नसती तर ही मोजदादसुद्धा झाली नसती. हे श्रेय पत्रकारांना द्यायलाच हवं.

पण हीच बातमी त्या गावातल्या बाईच्या जागी बसून वाचून बघा. 'गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव' अशा अर्थाचे मथळे, खाली गावाचं नाव, कधी चेहराही. आपल्या घरात पिशवीचं ऑपरेशन झालं तर आपण ते जावेलाही दबक्या आवाजात सांगतो. तिचं मात्र जगजाहीर! उद्या तिच्या मुलीला पाहायला पाहुणे येतील, तेव्हा या मथळ्याचं ओझं कोण वाहणार?

दुसरं असं, की 'खाडा नको म्हणून बायकांनी गर्भाशय काढलं' असं एका वाक्यात सांगितलं की सगळा निर्णय जणू तिचाच. कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर, पाळीच्या दिवसांतही पाणी आणि आडोसा नसलेली कोपी, उचलीचा फास, हे सगळं मथळ्यातून गळून पडतं. उरते ती फक्त 'बिचारी' किंवा 'अडाणी' बाई.

शब्दही टोचतात. पोटासाठी माणसं गाव सोडतात, तर आपण 'लोंढे आले' म्हणतो. लोंढा पुराचा असतो, माणसांचा कसा? आपल्या कोकणातल्या माणसांचंच बघा. मुंबईहून गणपतीला येणारा तो 'चाकरमानी', असं आपण वर्षानुवर्षं कौतुकाने म्हणत आलो. पण हा शब्द हिणवणारा वाटतो, असं कोकणवासीयांच्या संघटनांनीच म्हटलं आणि 2025 च्या गणपतीआधी 'कोकणवासीय' हा शब्द वापरण्याच्या सूचना सरकारी पातळीवर निघाल्या. कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? पण ज्याला नाव ठेवलंय, त्याला ते कसं लागतं हे त्यालाच विचारायला हवं ना?

फोटोंचंही तेच. 8 मे 2020 च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबादजवळ मालगाडीखाली 16 मजूर गेले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी ते पायी निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला. 'रुळावर झोपलेच कशाला?' असंही कितीजण म्हणाले! गाड्या बंद आहेत असं समजून ते थकून टेकले होते, हे ऐकून घ्यायला फार थोडे थांबले.

त्याच महिन्यात दिल्लीत रस्त्याकडेला फोनवर रडणाऱ्या एका मजुराचा फोटो देशभर गाजला. घरी, बिहारात, त्याचं बाळ आजारी होतं. फोटो काढणाऱ्याने त्याची विचारपूस केली, बिस्किटं-पाणी दिलं. तरीही गडबडीत नाव आणि फोन नंबर घ्यायचा राहिला, याची रुखरुख त्याने नंतर बोलून दाखवली. फोटोमुळे त्या माणसाला मदत मिळाली, तो गावी पोचला. बाळ मात्र आधीच गेलं होतं. चांगल्या मनाने केलेल्या कामातही नाव विचारायचं राहून जातं, ते असं.

म्हणून बातमी देणाऱ्यांकडे मागणं साधं आहे. फोटो कुठे छापला जाणार हे तिला सांगा, मग तिची परवानगी घ्या. आजाराची गोष्ट असेल तर नाव-गाव झाका. आणि तिच्या दुःखाइतकीच जागा मुकादम, कारखाना, डॉक्टर यांना विचारलेल्या प्रश्नांना द्या.

मैत्रिणींनो, आपल्याही हातात काही आहे. मोबाईलवर असा फोटो आला, की पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबू या. माझ्या लेकीचा, बहिणीचा असता तर चालला असता का? आणि यंदा टोळी गावात आली, की कोपीतल्या बाईला निदान तिचं नाव तरी विचारू या. चार महिने ती आपली शेजारीण असते.