कळपांच्या वाटेचे काय?

दिवाळी सरली की पारनेर, ढवळपुरीकडील धनगर बांधवांचे वाडे कोकणाच्या दिशेने निघतात. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, सोबत मेंढ्यांचा कळप. हिमाचलातील गद्दी उन्हाळ्यात कळप घेऊन पहाड चढतो. आपला धनगर सह्याद्रीचे घाट उतरतो आणि मृगापूर्वी परततो, कारण दख्खनी मेंढीला कोकणचा पाऊस मानवत नाही. वाटेत मोकळ्या रानात मेंढ्या बसवायच्या आणि लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याने धान्य वा पैसे द्यायचे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. तोही बिनकागदाचा!

पुणे जिल्ह्यातील महाळुंग्यासारख्या गावी मेंढ्या बसविण्याजोगे रान आता फारसे उरलेले नाही. शेतांच्या जागी चाकण औद्योगिक वसाहतीच्या भिंती उभ्या आहेत आणि चाकण-तळेगाव रस्ता कंटेनरांनी भरला आहे. कारखाने नकोत, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. परंतु वसाहतीच्या आराखड्यात वीज, पाणी, सांडपाणी या साऱ्यांचा विचार होतो. कळपांच्या वाटेचा तेवढा होत नाही.

शासनाने २०१७ मध्ये महामेष योजना आणली. २० मेंढ्या व १ नर, ७५ टक्के अनुदानावर. उत्तमच झाले, पण त्या मेंढ्यांनी चालायचे कोठून? २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांची हंगामी चराई मान्य केली, तीही वनापुरती. घाटापर्यंतची वाट त्यात येत नाही. औद्योगिक विकास महामंडळाने नव्या टप्प्यांच्या नकाशात कळपांसाठी एक मोकळी पट्टी राखावी, आणि ती कोठून न्यावी हे ठरविताना वाड्यांच्या कारभाऱ्यांना बैठकीस बोलवावे.