गाडीची चमक आणि पेंटरचा श्वास

गाडीला ओरखडा पडला की आपल्या जिवाला लागतो. पार्किंगमध्ये कुणीतरी दरवाजा घासून जातं, आपण दोन दिवस चरफडतो, मग क्लेम टाकतो किंवा ओळखीच्या गॅरेजला गाडी देतो. गॅरेजवाला सांगतो, "साहेब, टच-अप दिसून येईल, पूर्ण पॅनेल मारावं लागेल. पीयू मारतो, कंपनीसारखा येईल." चौथ्या दिवशी गाडी घरी येते. आपण उन्हात उभं राहून रंग जुळला का बघतो, दरवाज्यात आपलं तोंड दिसलं की खूश होतो.

तो रंग मारणाऱ्या माणसाकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. ही पोस्ट त्याच्याबद्दल आहे. जरा लांबली आहे, पण गाडी असलेल्या प्रत्येकाने वाचावी.

आधी 'पीयू' म्हणजे काय ते समजून घेऊ. पूर्वी गॅरेजमध्ये ड्युको मारायचे. त्यातला थिनर उडून गेला की रंग वाळायचा. चमक लवकर जायची, पुन्हा पुन्हा रबिंग करावं लागायचं. आताचा रंग असा नुसता वाळत नाही. आधी रंगाचा कोट, त्यावर पारदर्शक क्लिअर. क्लिअरमध्ये ऐनवेळी हार्डनर मिसळतात आणि दोन्हींची रासायनिक क्रिया होऊन कडक, काचेसारखा थर तयार होतो. आपल्याला जी चमक दिसते ती या थराची. आणि या हार्डनरमध्ये असतात आयसोसायनेट.

हे नाव ऐकल्यासारखं वाटत असेल. भोपाळला १९८४ साली सुटला तो वायू मिथाइल आयसोसायनेट. हार्डनरमधलं रसायन ते नव्हे, त्याच्यासारखं क्षणात जीव घेणारंही नाही. कूळ मात्र तेच. याचा हल्ला हळूहळू होतो. स्प्रे गनमधून उडणारा बारीक तुषार रोज छातीत जातो आणि काही माणसांच्या शरीराला एक दिवस त्याची कायमची ॲलर्जी बसते. त्यानंतर अगदी थोडासा संपर्क आला तरी दम लागतो. बऱ्याचदा त्रास कामावर होतच नाही, संध्याकाळी किंवा रात्री होतो. छाती आवळते, खोकल्याची उबळ थांबत नाही. सुट्टीवर गावी गेला की बरं वाटतं, कामावर परतला की पुन्हा सुरू. पेंटर म्हणतो, हवा मानवत नाही. घरचे म्हणतात, बिडी सोड. धोक्याच्या पातळीलाही या रसायनाचा वास येईलच असं नाही, त्यामुळे "आज वास कमी आहे" याला काही अर्थ नसतो.

आता बहुतेक छोट्या गॅरेजमध्ये काय चित्र दिसतं? नाकाला रुमाल, फार तर कोविडपासून उरलेला मास्क. दूध प्यायचं, गूळ खायचा, म्हणजे छातीतला रंग उतरतो असा एक समज पिढ्यानपिढ्या चालत आलेला. गूळ पोटात जातो, रंग फुप्फुसात जातो, दोघांची भेट होत नाही. रुमालाने हा तुषार अडत नाही. एन-९५ मास्क कण अडवतो, वाफ अडवत नाही. या कामाला लागतो तो नळीने बाहेरची स्वच्छ हवा आत देणारा मास्क, म्हणजे एअर-फेड मास्क. ब्रिटनमध्ये असे रंग स्प्रे करताना याच प्रकारच्या मास्कची अपेक्षा धरली जाते. गन बंद केल्यावरही हवेत तुषार राहतो, म्हणून बूथमधली हवा साफ होईपर्यंत मास्क काढायचा नाही हेही तिथे शिकवतात. युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून या रसायनांचा कामात वापर करणाऱ्याला आधी प्रशिक्षण घेणं सक्तीचं आहे.

मग आपल्याकडे कायदा नाही का? आहे की. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती. २९ आजारांच्या त्या यादीत आयसोसायनेटची विषबाधा स्पष्ट शब्दांत लिहिलेली होती. म्हणजे धोका सरकारला माहीत आहे. गोम अशी की 'कारखाना' कशाला म्हणायचं. मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान १० कामगार ही अट होती. महाराष्ट्राने ती २० वर नेली. २०२० च्या नव्या कामगार संहितेतही २० च आहे. आता तुमच्या ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे किती माणसं आहेत ते आठवा. मालक, एक डेंटर, एक पेंटर, लांबी भरायला आणि वॉटर पेपर मारायला दोन पोरं. पाच. कायद्याच्या यादीत आजार आहे, पण ज्याला तो होऊ शकतो तो माणूस कायद्याच्या बाहेर.

आणखी एक गंमत बघा. गाडीच्या विम्यात रंगकामाच्या बिलावर घसारा कसा लावायचा याचा नियम आहे. रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के घसारा. बिल एकत्र असेल तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम मटेरियलची धरायची. याचा सरळ अर्थ, उरलेला पाऊण हिस्सा मटेरियलचा नाही, तो कामाचा. विमा कंपन्यांच्या हिशोबातच मान्य आहे की आपण रंगापेक्षा रंगवणाऱ्याला जास्त पैसे देतो. पण त्या पाऊण हिश्शात त्याच्या मास्कचे पैसे धरलेत का, हे सर्व्हेअर विचारत नाही, आपणही विचारत नाही. सर्व्हेअर पोचा मोजतो, पॅनेल मोजतो, फोटो काढतो आणि जातो.

यावर दोन उत्तरं नेहमी येतात. पहिलं, "मास्क दिला तरी ही पोरं घालत नाहीत." खरं आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये रबरी मास्क लावून बघा, तुम्हीही दहा मिनिटांत काढाल. पण एअर-फेड मास्कमध्ये सतत हवा येत राहते, त्यामुळे तो साध्या मास्कइतका गुदमरवत नाही. दुसरं उत्तर, "छोट्या गॅरेजला परवडत नाही." हेही बरंचसं खरं आहे. कॉम्प्रेसर प्रत्येकाकडे असतो, पण त्याची हवा तशीच श्वासाला चालत नाही, तेल आणि ओल गाळणारे फिल्टर लागतात. बूथ तर लांबचीच गोष्ट. म्हणूनच हे एकट्या गॅरेजवाल्यावर ढकलून चालणार नाही. तोही बहुतेक वेळा कालचा पेंटरच असतो.

माझं म्हणणं चार गोष्टींपुरतं आहे.

एक, विमा कंपन्यांनी कॅशलेस यादीत घेताना गॅरेजमध्ये बूथ आणि एअर-फेड मास्क आहे का हे तपासावं, आणि रंगकामाच्या दरात त्याचा खर्च उघडपणे धरावा. त्यांच्या एका अटीने जे होईल ते दहा परिपत्रकांनी होणार नाही.

दोन, हार्डनर विकणाऱ्या कंपन्यांनी डब्यावरचा इशारा मराठीत, हिंदीत, वाचता येईल अशा अक्षरात छापावा. रंग कसा मारायचा हे त्या पेंटरला शिकवतातच, श्वास कसा सांभाळायचा हेही शिकवावं.

तीन, एमआयडीसी आणि आयटीआयमध्ये भाड्याने वापरता येतील असे सामायिक बूथ उभारावेत. छोटं गॅरेज पोचा काढणं, लांबी, घासकाम आपल्याकडे करेल आणि शेवटचा कोट बूथमध्ये मारेल. सोबत पालिकेच्या दवाखान्यात पेंटरची वर्षातून एकदा फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी. आजार लवकर कळला आणि त्या कामातून वेळेत बाहेर पडता आलं, तर माणूस बरा होण्याची शक्यता जास्त.

चौथी गोष्ट आपल्या हातातली. विनाकारण रंग मारून घेऊ नका. यात आपलाही फायदाच आहे. कारखान्यात क्लिअर साधारण १४० अंशांच्या आसपास भाजून पक्का करतात. गॅरेजमध्ये ते शक्य नाही, कारण तोवर गाडीत प्लॅस्टिक आणि वायरिंग बसलेलं असतं. म्हणून "कंपनीसारखा" हा शब्द ऐकायला छान, पण मूळचा रंग तो मूळचाच. जुनी गाडी विकताना घेणारा मीटर लावून जाडी मोजतो, तेव्हा हे कळतं.

ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर तो बहुतेक क्लिअरपुरताच आहे, पॉलिशने निघेल किंवा दिसेनासा होईल. पण पॉलिश म्हणजेही क्लिअर घासून पातळ करणं. तो थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, केसापेक्षा पातळ. दर दिवाळीला बफिंग करून घ्याल तर काही वर्षांत तोच संपेल. रंग न उडालेला पोचा असेल तर आतून दाबून काढणारे कारागीर आता बऱ्याच शहरांत आहेत, त्यात रंग लागतच नाही. आणि सिरॅमिक कोटिंगवर लिहिलेलं '९ एच' म्हणजे पेन्सिलीच्या टोकाची कठीणता, हिऱ्याच्या जवळपासची नव्हे. त्याने पाणी-चिखल पटकन निघतो, उन्हापासून थोडा आडोसा मिळतो, पण उडालेला खडा अडत नाही.

खरी राखण स्वस्त आहे. धुळीवर कोरडं फडकं मारू नका, त्यानेच ते जाळ्यासारखे बारीक चरे पडतात. आधी पाणी, मग शाम्पू, फडकं धुवायला वेगळी बादली. सोसायटीत गाडी पुसणाऱ्या पोराला एकाच बादलीत वीस गाड्या पुसाव्या लागत असतील तर दोष त्याचा नाही, पाण्याची आणि चांगल्या फडक्यांची सोय करा. पक्ष्याची विष्ठा त्याच दिवशी भिजवून काढा. शक्यतो सावली शोधा.

आणि रंग मारायची वेळ आलीच, तर गाडी देताना दर विचारता तसंच विचारा, "क्लिअर कोण मारणार आणि त्याच्याकडे कुठला मास्क आहे?" गॅरेजवाला पहिल्यांदा हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की मास्क आणेल. थोडे पैसे जास्त मागितले तर घासाघीस करू नका, ते पैसे त्या पाऊण हिश्शातच बसतात.

तुमच्या ओळखीत कुणी पेंटर असेल आणि त्याला रात्रीचा खोकला असेल, तर ही पोस्ट त्याला वाचून दाखवा. आणि डॉक्टरकडे गेल्यावर "मी गाड्यांना रंग मारतो" हे वाक्य पहिलं सांगायला सांगा. डॉक्टर ते विचारेलच असं नाही.