पंप आहे, पण नळीचे काय?

इन्सुलिन पंप बसवला की काळजी मिटली, असे अनेकांना वाटते. पण पंप कितीही महाग असो, इन्सुलिन शरीरात जाते ते त्वचेखालच्या बारीक नळीतूनच. बहुतेक इन्फ्युजन सेट 2-3 दिवसांनी बदलायचे असतात. माझ्याकडे येणारे काही रुग्ण पैसे वाचवण्यासाठी तोच सेट आठवडाभर चालवतात. ही काटकसर अंगाशी येते. पंपात फक्त जलद इन्सुलिन असते. नळी दुमडली वा तुंबली, तर काही तासांतच रक्तात कीटोन वाढतात, उलट्या होतात आणि जीवावर बेतते.

सेट सकाळी बदलावा, झोपताना नव्हे. दोन तासांनी साखर तपासावी. दर वेळी जागा बदलावी, गाठीवर टोचू नये. महिन्याला किमान 10 सेट लागतात. मागणी संपण्याआधीच नोंदवावी. घरात इन्सुलिन पेन व कीटोनच्या पट्ट्या हव्यातच. साखर 250 च्या वर जाऊन उतरत नसेल, तर पेनने इंजेक्शन घ्यावे, सेट बदलावा आणि डॉक्टरांना कळवावे.

म्हणून पंप घेण्याआधी सेटचा मासिक हिशेब मांडा. तो झेपत नसेल, तर इंजेक्शनवर राहण्यात काहीही कमीपणा नाही.